स्ट्रेस येतो, पाणउतारा मात्र कोणीतरी करतं

"मावशी, मी तक्रार केली होती. त्यांनी मला कूपन पाठवलं."

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी. हिंजवडीला फेज थ्रीमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. कूपन म्हटल्यावर मला आधी पिझ्झाच आठवला. तिनं मोबाइल पुढे केला. एचआरची चार ओळींची मेल होती: आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे, कंपनीनं सर्व कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय केली आहे, सोबतचा कोड अ‍ॅपमध्ये टाकल्यास तीन सत्रं मोफत मिळतील. त्याखाली तिची मूळ मेल, चांगली दीड पानाची, तारीखवार. सकाळच्या स्टँडअपला (टीमची रोजची छोटी बैठक) लीडनं, म्हणजे टीमच्या प्रमुखानं, तिच्या बग रिपोर्टमधलं इंग्रजी चौदा जणांसमोर नाटकी आवाजात वाचून दाखवलं, ती तारीख. 'कुठल्या कॉलेजची गं तू?' असं विचारून सगळ्यांना हसवलं, ती तारीख. तिनं उभं केलेलं काम अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्याच्या नावावर गेलं, ती तारीख. दीड पानात 'भावना' हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

सत्रं तिनं घेतली. समुपदेशक मुलगी चांगली होती म्हणाली. श्वासाचा व्यायाम शिकवला, मनात येणारे विचार वहीत लिहून त्यांची उलटतपासणी कशी करायची ते शिकवलं. उपयोग झाला का, विचारलं. "झाला ना. आता तो बोलायला लागला की मी मनात शंभरपासून उलटे आकडे मोजते. रात्री झोप लागते." आणि त्या लीडला कोणी काही म्हणालं? "नाही. मी तक्रार केलीय हे त्याला माहीतच नाहीये."

उपचार झाला, फाइल बंद झाली, आणि ज्याच्याविषयी तक्रार होती त्याला पत्ताच नाही. मी इथेच अडले आहे.

अडायला मला थोडा अधिकार आहे. कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू करून मी भोसरीतल्या एका कारखान्यात कल्याण अधिकारी म्हणून लागले. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे असा अधिकारी नेमावा, हे तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं. पुढे आयटीत एचआर केलं. आता दोन-तीन कंपन्यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून जाते. म्हणजे कूपन पाठवणाऱ्या खुर्चीत मीही बसले आहे, आणि तिथून ते पाठवणं किती सोपं वाटतं हे मला ठाऊक आहे.

कामाच्या जागी होणाऱ्या त्रासाला मराठीत किती शब्द आहेत बघा. पाणउतारा करणं, डावलणं, टोमणा मारणं, तोंडघशी पाडणं, श्रेय लाटणं, राबवून घेणं, सगळ्यांदेखत हजेरी घेणं. यातल्या प्रत्येकाला कर्ता लागतो. पाणउतारा झाला म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोणी केला? स्ट्रेस मात्र 'येतो'. एंग्झायटी 'होते'. बर्नआउट 'होतो'. पाऊस यावा तसं. आणि पाऊस आला तर माणूस छत्री उघडतो, पावसाची चौकशी लावत नाही.

इंग्रजीतही पाणउताऱ्याला शब्द आहे, नाही असं नाही. पण तिच्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावर आपल्याला काय होतंय ते निवडायचं होतं आणि पर्याय होते ताण, चिंता, झोप, नातेसंबंध, आत्मविश्वास. तिनं 'आत्मविश्वास' निवडला. दीड पानाच्या मेलमध्ये कर्त्याच्या जागी लीड होता, अ‍ॅपच्या पहिल्या पानावर तिथे ती स्वतः आली. हा बदल कोणी दुष्टपणानं घडवलेला नाही. समुपदेशकानंही त्यात काही वावगं केलं नाही, तिच्यासमोर जी व्यक्ती आली तिच्यावर तिनं काम केलं. चूक दारातच झाली होती. जो कागद चौकशीच्या टेबलावर जायला हवा होता, तो दवाखान्यात पाठवला गेला.

या शहरात हे फार मोठ्या पातळीवरही घडून गेलं आहे. २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेल्या, सव्वीस वर्षांच्या एका सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. त्या पत्रात कामाचे तास होते, रात्री उशिरा आलेली कामं होती, वरिष्ठांची वागणूक होती. मृत्यूचं कारण काय, हे ठरवायचा मला अधिकार नाही. पण त्यानंतर केंद्रीय अर्थमंत्र्यांनी एका कार्यक्रमात मुलांना ताण सोसायचं आंतरिक बळ घरातून मिळायला हवं, अशा अर्थाचं विधान केलं. टीका झाली, खुलासाही झाला. मला त्यात एका मंत्र्यांपेक्षा आपलीच सवय दिसली. आईनं पत्र लिहिलं होतं कंपनीला, आणि आपण लगेच मुलीच्या मनाच्या ताकदीवर बोलायला लागलो.

आता कोणी म्हणेल, बाई थेरपीच्या विरोधात आहेत. आमच्या पिढीत तसे खूप आहेत. 'आमच्या वेळी नव्हती ही थेरपी-बिरपी, साहेब ओरडला की टपरीवर चहा प्यायचो आणि विसरायचो.' विसरायचो कसले! घरी जाऊन बायकोवर ओरडायचे, इतकंच. मी विरोधात अजिबात नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की चांगल्या हत्याराचं आपण पेपरवेट करून ठेवलं आहे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धत मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून बऱ्याच वाचकांना माहीत आहे. एखादा प्रसंग घडतो, त्यातून भावना येते, पण मधे आपला दृष्टिकोन असतो, असं ती सांगते. 'त्यानं मला सगळ्यांसमोर बोलायलाच नको होतं, हे मला सहनच होणार नाही, मी अगदीच कुचकामी आहे' हा तो मधला मजकूर. यावरून लोक घाईनं निष्कर्ष काढतात की ही पद्धत अन्याय गिळायला शिकवते. एलिस यांचं म्हणणं तसं नव्हतं. नकारात्मक भावना पुसून टाकायच्या नाहीत. संतापाच्या जागी चीड, भयाच्या जागी काळजी, स्वतःला पायाखाली तुडवण्याच्या जागी खंत आणायची. फरक बारीक वाटतो, पण नोकरीत त्याची किंमत कळते. संतापलेला माणूस रात्री अकरा वाजता राजीनामा टाइप करतो. चीड आलेला माणूस तारखा लिहून ठेवतो.

समुपदेशनाच्या एका अभ्यासवर्गात मला साहेबाच्या खुर्चीत बसवलं होतं. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ, खाजगी कंपनीत स्टोअर्सला. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं: "सर, चूक माझी आहे, मी दुरुस्त करतो. पण हे मला केबिनमध्ये सांगत जा." पहिल्या वेळी त्यांनी बोलता बोलता हात जोडले. दुसऱ्यांदा आवाज इतका चढला की वर्गातले बाकीचे वळून बघायला लागले. मग 'पण' या शब्दाशी गाडी अडकायला लागली. चूक माझी आहे, दुरुस्त करतो, इथपर्यंत सुरळीत, आणि 'पण'पाशी घसा कोरडा. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एकदा नुसतं 'पण' म्हणून थांबायला सांगितलं. ते म्हणाले, थांबले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोट्या साहेबाच्या खुर्चीत अवघडून बसलेली. आठव्या-नवव्या खेपेला वाक्य नीट आलं, ना हात जोडून ना ओरडून. थेरपी म्हणजे ही. एका 'पण'साठी सगळी दुपार. हे काम कुठल्याही नियमावलीनं होत नाही, युनियननंही होत नाही.

मात्र त्या वर्गात एक गोष्ट गृहीत होती. वाक्य तयार झालं की ते ऐकायला खरा साहेब कुठेतरी असणार आणि ते ऐकणं त्याला भाग असणार. ती सोय नसेल तर हा सगळा सराव आरशासमोरचा.

काही भांडणांत मुळात साहेबच नसतो, हेही खरं. एका सहकारी बँकेच्या शाखेत दोन बायका शेजारशेजारच्या काउंटरवर आठ महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. अबोला हे आपल्याकडचं फार जुनं आणि घातक हत्यार, त्यात आमच्या पुण्यात त्याला शिष्टाचाराचं कव्हर असतं. पासबुक शिपायामार्फत इकडून तिकडे जायचं. शिपाई वैतागून म्हणाला होता, मला दोन पगार द्या. मला बोलावलं. मी आधी दोघींना वेगवेगळं ऐकलं, दोन-दोन वेळा, काही न सुचवता. पंख्याच्या रेग्युलेटरवरून सुरुवात झाली होती असं दोघीही सांगत होत्या. तिसऱ्या भेटीत कळलं की एकीची आई दवाखान्यात होती तेव्हा दुसरीनं रजेच्या अर्जावर 'आता पुन्हा?' असं म्हटलं होतं. म्हणणारीला ते आठवतही नव्हतं. तिला आठवत होतं ते इतकंच, की आपण तीन आठवडे दोन काउंटर सांभाळले आणि आभाराचा एक शब्द आला नाही. एकत्र बसवल्यावर अर्ध्या तासात मिटलं. नंतर दोघी मिळून माझ्याविरुद्ध एक झाल्या, ते चांगलं लक्षण मानायचं.

इथे चौकशी समिती नेमली असती तर दोघींचं आयुष्यभराचं वैर झालं असतं. बरोबरीच्या दोन माणसांत, जिथे कोणाच्या हातात कोणाची वेतनवाढ नाही, तिथे थेरपीच्या अंगानं केलेली मध्यस्थी फार सुरेख चालते. जिथे एकाच्या हातात दुसऱ्याचं अप्रेझल आहे, तिथे तेच तंत्र जसंच्या तसं लावलं तर वरचा वरच राहतो आणि खालच्याला समजूतदारपणाचं प्रमाणपत्र मिळतं.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. मी चूक करून शिकले, आणि ती चूक मला अजून सलते.

नव्वदचं दशक. आमच्या कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात, लातूरकडचा एक ऑपरेटर होता. हाताला वळण असं की डाय, म्हणजे साचा, लावताना तो बसला की बाकीचे बघत उभे राहायचे. त्याच्या सुपरवायझरनं त्याला नावानं कधी हाक मारली नाही. 'ए लातूर.' त्याच्या बोलण्याची नक्कल कँटीनमध्ये, लाइनवर, टाइम ऑफिसपाशी. सगळे हसायचे, सुरुवातीला तोही हसायचा. दीड-दोन वर्षांत त्याची गैरहजेरी वाढली. मग एकदा सेकंड शिफ्टला पिऊन आला. प्रेसवर पिऊन उभं राहणं म्हणजे बोटं जाणं, त्यामुळे मेमो निघाला तो योग्यच होता. मी धावपळ करून बडतर्फी थांबवली आणि त्याला येरवड्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायची परवानगी काढली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं हे केंद्र तोवर पुण्यातल्या कारखान्यांना माहीत झालं होतं. मला त्या दिवशी आपण फार पुरोगामी कल्याण अधिकारी आहोत असं वाटलं होतं.

मुक्तांगणनं त्यांचं काम चोख केलं. तिथे एक गोष्ट त्यांना पक्की कळलेली होती: नुसत्या पिणाऱ्याला बरं करून भागत नाही. म्हणून ते बायकोलाही बोलावतात, तिच्याशी बोलतात. घर तसंच राहिलं तर माणूस परत तिथेच घसरतो. ऑपरेटर परत आला तेव्हा अंगावर थोडं मांस चढलेलं, नजर स्वच्छ. म्हणाला, "बाई, आता नाही घेणार." फर्स्ट शिफ्ट होती. टाइम ऑफिसपाशीच सुपरवायझरनं स्वागत केलं: "या लातूर! कसा झाला पाहुणचार?" रांगेतले हसले.

अडीच महिन्यांनी तो पुन्हा प्यायला. सगळा दोष सुपरवायझरच्या माथी मारणार नाही. व्यसन हा आजार आहे आणि तो उलटतो. पण मुक्तांगणला जे कळत होतं ते मला कळलं नाही. त्याचं एक घर वडगाव शेरीत होतं आणि आठ तासांचं दुसरं घर आमच्या प्रेस शॉपमध्ये. पहिल्या घरातल्या माणसांना बोलावलं गेलं, दुसऱ्यातल्याला कोणीच बोलावलं नाही. सुपरवायझरला माझ्या केबिनमध्ये बोलावून दार लावून, 'तुम्ही याला नावानं हाक मारा' एवढं एक वाक्य सांगायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आजारी कोण ते ठरलेलं होतं ना. ज्याला मेमो दिला, तो.

कूपनमागच्या या सोयीला आज ईएपी म्हणतात, त्या एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅमचं मूळही अमेरिकेत १९४० च्या दशकातल्या दारू पिणाऱ्या कामगारांसाठीच्या कार्यक्रमांत आहे. त्यामुळे 'ज्याला त्रास होतोय त्याच्यावर काम करा' ही वृत्ती त्याच्या हाडातच आहे. दारूच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी योग्य होती. भांडणाच्या बाबतीत ती अर्धवट पडते, कारण भांडणाला दुसरी बाजू असते.

१९८९ च्या सप्टेंबरात कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हा कामाच्या ठिकाणचं भांडण काय असतं ते अख्ख्या शहरानं पाहिलं. भाजी घ्यायला निघालेल्या माणसालाही त्यावर मत होतं. पुढे पोलिसांनी ते मोडून काढलं, ते सगळं इतिहासात आहे. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. द्वारसभांमध्ये वेतनवाढ आणि बोनस सोडून, बाईला सुपरवायझर काय बोलला किंवा लातूरच्या पोराची नक्कल कोण करतं, हा विषय निघाल्याचं मला एकदाही आठवत नाही. तरी भांडण निदान दोन पक्षांचं होतं. आता ते पंचेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये एकट्या माणसाचं झालं आहे, कानात इअरफोन घालून, बेडरूमचं दार लावून.

मधल्या वाटा कायद्यात आहेत. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, हे आधीही होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मालक आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी, तीस दिवसांत निकाल. पण व्यवस्थापकीय पदावरचे आणि महिना अठरा हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षक 'कामगार' या शब्दात बसत नाहीत, आणि हिंजवडी-खराडीतला लेखणी किंवा कीबोर्ड चालवणारा माणूस स्वतःला तसा समजतही नाही. त्याला वाटतं ती समिती फॅक्टरीवाल्यांची. तुमच्या ऑफिसात तिच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत, ते एकदा शोधून पाहा. मी शोधली आहेत. एका ठिकाणी पाण्याच्या फिल्टरमागे सापडली.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं मात्र या बाबतीत जरा नीट विचार केला आहे, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, तिच्यात बाहेरचा सदस्य, चौकशीला नव्वद दिवसांची मुदत. समेट होऊ शकतो, पण तक्रारदार बाईनं मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात नाही. म्हणजे कायदा असं गृहीत धरतो की मिटवामिटवीचा दबाव येणारच, म्हणून त्याची चावी खालच्या माणसाच्या हातात द्यावी. रोजच्या पाणउताऱ्यासाठी अशी चावी कोणाच्याच हातात नाही. तिथे समेट आधी येतो, तोही एकतर्फी, कूपनच्या रूपात.

बरं, या एकतर्फी उपायांनी साधतं काय? ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताण हाताळायचं प्रशिक्षण, सजगतेचे वर्ग, मनःस्वास्थ्याची अ‍ॅप्स यांत भाग घेतलेले आणि न घेतलेले, यांच्या मनःस्थितीत त्यांना फरक आढळला नाही. अपवाद निघाला तो स्वयंसेवी कामाचा. हा अभ्यास एका वेळचं छायाचित्र आहे, जास्त त्रासलेलीच माणसं अशा वर्गांना जात असतील हा आक्षेप रास्त आहे, आणि ब्रिटन म्हणजे वाकड नव्हे. तरीही दरवर्षी अ‍ॅपचं कंत्राट नूतनीकरण करताना कोणी तरी तो वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजारांत धरलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलं. त्यांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाची रचना बदलणं आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणं हे ठळकपणे आहे. आपण त्यातला समुपदेशनाचा भाग उचलला, कारण तो विकत मिळतो.

गुप्ततेचं काय, हा प्रश्न मुलं मला सर्वांत जास्त विचारतात, आणि बरोबर विचारतात. पैसे कंपनी देते, मग माझं बोलणं कंपनीला कळतं का? चांगले समुपदेशक नावं कळवत नाहीत, फक्त किती सत्रं झाली ते कळवतात. पण बारा जणांच्या टीममधून 'एक सत्र, विषय: वरिष्ठांशी संबंध' असं कळवलं तर नाव वेगळं सांगावं लागतं का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायला वाट ठेवली आहे. त्या वाटेचा समुपदेशनाच्या नोंदींपर्यंत कोण कसा अर्थ लावेल ते लावेल. शहाणपण यात आहे की त्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरपर्यंत येऊच नयेत. शिवाय आपल्याकडे 'समुपदेशक' अशी पाटी लावायला वकिलासारखी सनद लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नये. ज्यांच्याकडे कंपनीचं अ‍ॅपही नाही, म्हणजे लक्ष्मी रोडच्या दुकानात, क्लासेसमध्ये, छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणारे बहुसंख्य, त्यांच्यासाठी टेली-मानस या फोनवरच्या समुपदेशन सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आणि मराठीतही. मन मोकळं करायला तो आहे. मालकाला बोलवायला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की तक्रारीचं दार आणि समुपदेशनाचं दार वेगळं असावं, आणि एकाची मेल दुसऱ्याच्या उत्तरात कधीच येऊ नये. तक्रार आली तर तिचं उत्तर तक्रारीसारखं द्या: मिळाली, अमुक जण बघतील, अमुक दिवसांत कळवू. त्याच मेलमध्ये समुपदेशनाचा नंबर देऊ नका, तो भिंतीवर कायम असू द्या, ज्याला हवा तो घेईल. समुपदेशक एचआरच्या मजल्यावर बसू नये, आणि मराठीत रडता येईल असा असावा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकाच माणसाखालच्या दोघांनी-तिघांनी मदत मागितली असेल, तर पहिलं सत्र त्या माणसाचं असावं. शिक्षा म्हणून नव्हे. रागावर ताबा, चूक एकट्यात दाखवणं, ऐकून घेणं, ही सगळी थेरपीत शिकवली जाणारी कौशल्यं ज्याच्या हाताखाली चौदा माणसं आहेत त्याला जास्त लागतात. चौदा जणांना उलटे आकडे मोजायला शिकवण्यापेक्षा एकाला शिकवणं स्वस्तही पडतं. हिशेबाच्या भाषेत तरी हे पटायला हरकत नसावी.

मॅनेजरही भरडलेला असतो, मला मान्य आहे. वरून क्लायंटचं एस्कलेशन, खालून राजीनामे, घरी पोहोचायला भूमकर चौकात पाऊण तास. त्या लीडलाही कोणी तरी कधी तरी 'कुठल्या कॉलेजचा तू?' विचारलं असेल, आणि त्याला त्या वेळी कूपनसुद्धा मिळालं नसेल. हे तर त्याला आधी बोलावण्याचंच कारण झालं.

मागच्या महिन्यात खराडीतल्या एका कंपनीत धोरण ठरवायच्या बैठकीला गेले होते. एचआर प्रमुख तरुण, अभ्यासू, मन लावून नोंदी घेणारे. मी विचारलं, गेल्या वर्षी समुपदेशनाचे कोड किती जणांना पाठवलेत? त्यांनी लॅपटॉपवर पाहून सांगितलं, सव्वाशेच्या आसपास. त्यांत मॅनेजर किती? ते थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग लॅपटॉप अर्धवट मिटून, खरोखरच काळजीनं म्हणाले, "मॅडम, मॅनेजरला असा कोड पाठवला तर त्याचा अपमान नाही का होणार?"